फिफ्थ व्हील ट्रेलर म्हणजे काय? महिनोन्‌महिने राहण्यासाठी चाकांवरचं घर निवडताना काय तपासाल?

यूट्यूबवर तुम्हीही ते व्हिडिओ बघितले असतील. एक भलामोठा पिकअप, मागे दोन खोल्यांचं घर, बटण दाबलं की भिंत बाहेर सरकते आणि हॉल मोठा होतो. त्या घराला ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात. आमच्या दादाने असे शेकडो व्हिडिओ बघितले आणि एक दिवस जाहीर केलं, “आपण हेच घेऊ.”

त्यामागे कारण होतं. भिवपुरीतलं आमचं जुनं कौलारू घर पाडून नवीन बांधायचं होतं. बांधकाम पावसाळ्यात अडकणार, म्हणजे आठ-दहा महिने तरी राहायचं कुठे हा प्रश्न होता. कर्जतला भाड्याने खोली मिळत होती, पण आजी अंगण सोडायला तयार नव्हती. मग अंगणातच चाकांवरचं घर आणून ठेवायचं ठरलं. माझं काम होतं मोबाईलवर शोधाशोध करायचं. त्या शोधाशोधीत आम्ही पंचवीस हजार रुपये घालवले, तेव्हा कुठे काय बघायचं ते कळलं. ते सगळं इथे लिहितोय. फिफ्थ व्हील घ्या, साधा ट्रेलर घ्या नाहीतर रस्त्याच्या कामावर दिसते तशी चाकांची केबिन घ्या, तपासणी बहुतेक सारखीच आहे.

‘पाचवं चाक’ नेमकं कुठे असतं?

खोपोली-पनवेल रस्त्यावर उभे राहा. उरणच्या बंदरातून कंटेनर घेऊन येणारे लांबलचक ट्रेलर दिसतील. पुढच्या घोड्याच्या, म्हणजे ज्या गाडीत ड्रायव्हर बसतो तिच्या मागच्या चाकांवर एक जाड, ग्रीस लावलेली लोखंडी चकती आडवी बसवलेली असते. ट्रेलरच्या पोटाखालची खुंटी त्या चकतीच्या खाचेत अडकते. ती चकती म्हणजे पाचवं चाक. नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. चार चाकांच्या बग्गीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं गोल कडं असायचं, त्याला लोक पाचवं चाक म्हणायचे. अमेरिकेत विमानं बनवणाऱ्या ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी ‘एरोकार’ नावाचं ओढायचं घर बाजारात आणलं, त्यातही हीच कल्पना होती.

साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या बंपरखालच्या गोळ्याला अडकतो. त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार त्या गोळ्यावर येतो, आणि तोही मागच्या चाकांच्या बराच मागे. त्यामुळे वेगात किंवा वाऱ्यात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. फिफ्थ व्हीलमध्ये जोड पिकअपच्या हौद्यात, थेट मागच्या ॲक्सलवर असतो. साधारण २० टक्के वजन तिथे बसतं आणि ट्रेलर शांत चालतो. शिवाय हौद्यावरच्या भागात एक उंच खोली मिळते, म्हणून आत घर मोठं वाटतं. महिनोन्‌महिने राहणारी माणसं फिफ्थ व्हील पसंत करतात ते यासाठी.

आता आपल्याकडचा हिशेब. मध्यम आकाराचा अमेरिकन फिफ्थ व्हील भरल्यावर साडेपाच टनांचा धरा. त्याचे २० टक्के म्हणजे ११०० किलो नुसत्या खुंटीवर. आपल्याकडची पिकअप एक-दोन टन माल हौद्यात *वाहून* नेण्यासाठी बनवलेली असते, ११०० किलो हौद्यात घेऊन वर आणखी साडेचार टन मागे *ओढण्यासाठी* नाही. ओढलं तरी भोर घाटात ब्रेक लावल्यावर काय होईल, हा विचार दादाला व्हिडिओत कोणी सांगितला नव्हता. बरं, तिकडचं बनवून आणलेलं घर तिकडच्या ११०-१२० व्होल्टच्या विजेवर चालतं. दरवाजा उजव्या बाजूला असतो, कारण तिकडे गाड्या उजवीकडून चालतात. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला थांबलात तर तो दरवाजा थेट रहदारीत उघडणार. रुंदी मात्र बसते. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडीची कमाल रुंदी २.६ मीटर आहे आणि तिकडची घरं साडेआठ फुटांची, म्हणजे त्यापेक्षा जेमतेम कमी.

थोडक्यात, फिफ्थ व्हील भिवपुरीत आणणं जमण्यासारखं नव्हतं. पण ‘सहलीसाठी’ बनवलेलं आणि ‘राहण्यासाठी’ बनवलेलं, या दोन प्रकारांतला फरक मला त्याच ट्रेलरांच्या माहितीतून समजला. अमेरिकेत अनेक कंपन्यांच्या वॉरंटीत स्पष्ट लिहिलेलं असतं की बाराही महिने आत राहिलात तर वॉरंटी लागू नाही. विकणारा कोणीही असो, पहिला प्रश्न हाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आधी पंचवीस हजारांची गोष्ट

आम्हाला एका विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. आतून झकास. मार्बलसारखे दिसणारे टॉप, छताला निळे एलईडी, फोल्डिंग पलंग, टीव्ही. दादाने त्याच रात्री बयाणा पाठवला. चार दिवसांनी प्रत्यक्ष बघायला गेलो. मी मागच्या कोपऱ्यात पलंगाखाली हात घातला आणि अंगठा प्लायवुडमध्ये आत गेला. बिस्कीट चहात बुडवल्यावर होतं ना, तसं. वरून नवीन लॅमिनेट चिकटवलं होतं. टायरवर तारखेचा आकडा बघितला तर टायर २०१४ चे. वजनाची पाटी नव्हती. बयाणा परत मिळाला नाही, कारण ‘नॉन-रिफंडेबल’ हा शब्द मेसेजमध्ये होता आणि आम्ही तो वाचलाच नव्हता.

त्या व्हिडिओत दिसलेली एकही गोष्ट महत्त्वाची नव्हती. टीव्ही, दिवे, टॉप हे सगळं नंतर बदलता येतं. चासी, छत आणि भिंतींच्या आतलं सामान बदलता येत नाही. म्हणून बघायला जाल तेव्हा दारातून आत शिरू नका, आधी खाली वाका.

चासी : दोरी बांधा, ॲपवर विसंबू नका

जुनी चटई न्या, खाली झोपा आणि मोबाईलचा टॉर्च लावून व्हिडिओ काढा. लोखंडाचे मुख्य दोन गर्डर पुढून मागेपर्यंत अखंड आहेत का, की मध्ये तुकडे जोडलेत? वेल्डिंग सलग आहे का, की नुसते टाके मारलेत? जोडावर बारीक रेष दिसली आणि त्या रेषेतून गंजाचा ओघळ आला असेल, तर तो तडा आहे. मोठ्या फिफ्थ व्हीलमध्ये हा त्रास विशेष दिसतो. खुंटीजवळचा भाग सतत वर-खाली वाकतो आणि वरच्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला चिरा पडतात. छोट्या ट्रेलरमध्ये तीच जागा म्हणजे पुढचा दांडा जिथे चासीला मिळतो तो जोड.

चासी बाकदार झाली आहे का हे बघायला मी मोबाईलचं लेव्हल ॲप वापरलं होतं. ते अंदाजासाठी ठीक आहे, पण लक्षात घ्या, अर्ध्या अंशाची चूक सहा मीटर लांबीवर पाच सेंटिमीटरची होते. शिवाय फोन पाठीवर ठेवला तर कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे तो आधीच तिरका असतो. कडेवर उभा ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे गवंड्याकडची दोरी पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत गर्डरला लावून ताणा. मध्ये फट दिसली की कळलं. आमच्या गवंडीकाकांनी हे दोन मिनिटांत दाखवलं आणि माझ्या ॲपकडे बघून हसले.

रंगाबद्दल एकच सांगतो. वरचा काळा रंग चमकतोय म्हणून खूश होऊ नका. नाण्याने एका कोपऱ्यात हळूच खरवडा. खाली प्रायमरचा थर दिसला पाहिजे. थेट लोखंड किंवा गंज दिसला, तर तो रंग गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशीचा आहे.

वजन : आजीचं कपाट बसेल का?

ट्रेलरचे दोन आकडे लागतात. रिकामं वजन आणि कमाल एकूण वजन. दोन्हींमधला फरक म्हणजे तुम्ही किती सामान भरू शकता. समजा कमाल ३५०० किलो आणि रिकामा २७००. म्हणजे ८०० किलो तुमचे. ऐकायला भरपूर वाटतं. आता मोजा. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. घरगुती गॅसचे दोन भरलेले सिलिंडर मिळून साधारण ६०. इन्व्हर्टरच्या दोन मोठ्या बॅटऱ्या शंभरच्या वर. फ्रिज आणि एसी मिळून ७०-८०. साडेचारशे इथेच गेले. गाद्या, भांडी, धान्य, कपडे अजून बाकी आहेत, आणि आमच्या आजीला तिचं लोखंडी कपाट हवं होतं.

ट्रेलर एकाच जागी उभा राहणार असेल तर वजन कशाला बघायचं, असं दादा म्हणाला. बघायचं, कारण मजबूत बांधलेलं घर जडच असतं. विकणारा “एकदम हलकं आहे” म्हणून कौतुक करत असेल तर कुठेतरी लोखंड कमी घातलंय किंवा प्लाय पातळ लावलाय. आणि आणताना-नेताना तर ते रस्त्यावर येणारच. हायवेवर वजनकाटे असतात, थोड्या पैशांत पावती मिळते. रिकाम्या ट्रेलरची पावती मागा. पाटीवरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा यांत फरक असेल तर काट्यावर विश्वास ठेवा.

छत आणि भिंती : इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

आमच्याकडे पाऊस म्हणजे काय हे सांगायला एक गोष्ट पुरे. घाटमाथ्यावर पडणारं पाणी तलावात साठवून ते खाली सोडायचं आणि वीज तयार करायची, यासाठी टाटांचं भिवपुरीचं केंद्र १९२२ साली सुरू झालं. ते आजही चालतं. कर्जत तालुक्यात एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. आता आठ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद छत धरा. क्षेत्रफळ २० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे त्या एवढ्याशा छतावर चार महिन्यांत ६० हजार लिटर पाणी पडणार. पाण्याचे सहा टँकर म्हणा ना! अमेरिकेतल्या कोरड्या वाळवंटात दहा वर्षं टिकलेला ट्रेलर इथे पहिल्याच जुलैत उघडा पडेल.

म्हणून छतावर चढा. शिडी नसेल तर सेल्फी स्टिकला फोन लावून व्हिडिओ काढा. छताला जोड किती आहेत ते मोजा. सगळ्यात चांगलं म्हणजे एकाच तुकड्याचं छत, मग ते फायबरचं असो, रबरी चादरीचं असो किंवा घड्या घालून जोडलेल्या पत्र्याचं. स्क्रू वरून आरपार मारलेले असतील तर प्रत्येक स्क्रू हे एक भोक आहे हे विसरू नका. त्याखालचा रबरी वॉशर उन्हाने दोन-तीन वर्षांत कडक होतो. छत एका बाजूला उतरतं असायला हवं. सपाट छतावर पाणी साचतं आणि साचलेल्या पाण्याला वेळ भरपूर असतो.

पाणी बहुतेक वेळा छताच्या मधून येत नाही. ते येतं कोपऱ्यातून, खिडकीच्या वरच्या कडेतून, एसीसाठी कापलेल्या भोकातून, दिव्याच्या वायरजवळून. भिंत बाहेर सरकणारे ट्रेलर दिसायला भारी असतात, पण सरकणारा प्रत्येक भाग म्हणजे काही मीटर रबरी पट्टी, जी कायम दाबून बसली पाहिजे. आमच्याकडच्या पावसासाठी मी तो प्रकार सरळ बाद केला. पांढऱ्या सिलिकॉनचे थरावर थर दिसले तर समजा, आधीचा मालक गळती शोधत होता आणि त्याला ती सापडली नव्हती.

चाचणी साधी आहे. विकणाऱ्याला सांगा, पाइप लावून अर्धा तास छतावर आणि खिडक्यांवर पाणी मारायचं. तुम्ही आत बसा, कपाटांची दारं उघडी ठेवा, कोपऱ्यांत टॉर्च मारा. नकार दिला तर नमस्कार करून निघा. पाणी मारायच्या आधी मात्र एक काम करा, आत शिरून डोळे मिटा आणि वास घ्या. ओल्या गोणपाटाचा वास आला आणि त्यावर रूम फ्रेशनर मारलेला असेल, तर पुढचं काही बघायची गरज नाही.

भिंतीत काय भरलंय तेही विचारा. कोल्ड स्टोरेजला वापरतात ते पफ पॅनल सगळ्यात बरं. तेवढ्याच जाडीचा थर्माकोल साधारण दीडपट उष्णता आत सोडतो. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत बसलेल्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. लाकडी सांगाडा आणि बाहेरून पातळ पत्रा असा प्रकार स्वस्त असतो, पण पाणी आत गेलं की सांगाडा आतल्या आत कुजतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आमचा बयाणा गेला तो याच प्रकारात.

एक देशी उपाय सांगतो. आम्ही ट्रेलरच्या वर लोखंडी पाइपांची वेगळी पत्रा-शेड उभारली, छतापासून दोन फूट उंच, पाया खणून काँक्रीट घालून पक्की केलेली. उन्हाचा मारा शेड खाते, मधून वारा जातो आणि छतावर थेट पाऊस पडत नाही. पावसाचा आवाजही कमी होतो. शेडचा खर्च सुरुवातीपासून बजेटमध्ये धरा.

वीज : हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

ट्रेलरचं अंग लोखंडाचं आणि तो उभा रबरी टायरवर. म्हणजे त्याचा जमिनीशी संबंध नाही. आत कुठल्या तरी वायरचं आवरण फाटलं आणि ती चासीला टेकली, तर अख्खं घर विजेने भारलेलं राहतं, आणि आतल्या माणसाला काही कळत नाही. बाहेरून कोणी ओल्या मातीत अनवाणी उभं राहून दाराच्या कडीला हात लावला की वीज त्याच्या अंगातून जमिनीत जाते. आमच्याकडे पहाटे अनवाणी बाहेर जाणारी व्यक्ती म्हणजे आजी. त्यामुळे या बाबतीत मी कोणाचं ऐकलं नाही.

तीन गोष्टी लागतात. चासीला जोडलेली स्वतंत्र अर्थिंग, म्हणजे जमिनीत पुरलेल्या सळईपर्यंत जाड तार. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. आणि हे काम करायला परवानाधारक वायरमन. नुसती एमसीबी पुरत नाही. एमसीबी जास्त करंट झाला तर वायर जळू नये म्हणून असते. माणसाचा जीव जायला लागणारा करंट तिच्या दृष्टीने नगण्य असतो, ती पडतच नाही. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट सतत ताडून बघते, फरक दिसला की क्षणात वीज तोडते. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून बघा. आम्ही पगाराच्या तारखेला दाबायचो म्हणून लक्षात राहायचं.

सोलरवर सगळं चालेल असं कोणी म्हणालं तर हिशेब करा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे १.२ युनिट. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. म्हणजे एका बॅटरीवर तासभर. दिवे, पंखा, मोबाईल, राउटर यांच्यासाठी सोलर उत्तम. एसीसाठी महावितरणचं कनेक्शन लागतंच.

विजांच्या दिवसांत पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवा, जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते इशारा देतं. बंद लोखंडी घरात तुम्ही तसे सुरक्षित असता, पण बाहेरून येणारा प्लग काढून ठेवा.

गॅस सिलिंडर बाहेरच्या जाळीच्या कप्प्यातच असावा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीलगत साचतो, म्हणून हवेची झडप खाली हवी. वर खिडकी उघडी आहे या समाधानात राहू नका. थंडीत दार लावून आत शेगडी किंवा जनरेटर अजिबात नको.

मोबाईलला रेंज का येत नाही?

पहिल्याच रात्री अंगणात चार काड्या आणि आत शून्य! कारण पफ पॅनलच्या दोन्ही बाजूंना पत्रा असतो. चारही बाजूंनी धातू म्हणजे रेडिओ लहरींना भिंतच. घर विकत घेताना आत उभं राहून, दार-खिडक्या बंद करून फोन लावून बघा. आम्ही राउटर खिडकीच्या काचेला लावून ठेवला, सिम त्यातच, आणि फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू केलं. बाहेर अँटेना लावता येईल असा राउटर घेतलात तर आणखी बरं. तारेसाठी नवीन भोक पाडू नका, एसीच्या भोकातूनच न्या. दुकानात विनापरवाना सिग्नल बूस्टर मिळतात ते घेऊ नका, ते वापरणं बेकायदा आहे.

टायर, टेकू आणि जागा

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हणून नवे दिसतात, पण रबर म्हातारं होतं. सहा वर्षांच्या पुढचे टायर असतील तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. घर उभं केल्यावर वजन टायरवर ठेवू नका. चासीखाली चार कोपऱ्यांत आणि ॲक्सलजवळ टेकू द्या. टेकूखाली नुसती माती नको. आषाढात आमच्या अंगणात पायाचा घोटा रुततो, तिथे जॅकचं काय! आधी मुरूम-खडी दाबून घ्या, वर काँक्रीटचे ठोकळे ठेवा. घर समपातळीत आणायला पुन्हा गवंड्याचीच पाण्याची नळी वापरा.

जागेबाबत घाई नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला, ते आपल्यातल्या कोणी विसरलेलं नाही. डोंगरउताराच्या पायथ्याला, नाल्याच्या तोंडाशी, नदीच्या कुशीत ‘व्ह्यू’साठी ट्रेलर उभा करू नका. चाकं आहेत म्हणून वेळ आली की हलवू, असं वाटतं. पण टेकू काढणं, नळ-वायरी सोडवणं, ओढायची गाडी बोलावणं यात अर्धा दिवस जातो आणि चिखलात चाक रुतलं तर तेही नाही. वेळ आली की माणसांनी निघायचं, घर तिथेच राहू द्यायचं. जागा कशी आहे हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. २६ जुलै २००५ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते त्यांना बोटाने दाखवता येतं.

सांडपाण्यासाठी शोषखड्डा आणि संडासासाठी सेप्टिक टँक लागेलच. ट्रेलरच्या आतल्या टाक्या दोन-चार दिवसांच्या सहलीपुरत्या असतात.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्यानुसार रस्त्यावर ओढला जाणारा ट्रेलर हे वाहन आहे, त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. विकणाऱ्याने नंबर दिला तर एमपरिवहन ॲपवर टाकून मालकाचं नाव आणि वाहनाचा प्रकार जुळतो का बघा, चासी नंबर प्रत्यक्ष पत्र्यावर कोरलेला आहे का तेही. ज्यात स्वतःचं इंजिन आहे अशा राहण्याच्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. जुनी बस किंवा टेम्पो घेऊन आत पलंग-ओटा बसवायचा विचार असेल, तर कायद्याचं कलम ५२ वाचा. परवानगीशिवाय गाडीत असे बदल करता येत नाहीत. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. पुढे पाहुण्यांना भाड्याने द्यायचा विचार असेल तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची चौकशी करा. नुसतं स्वतः राहायचं असेल तर त्या वाटेला जायची गरज नाही, पण ग्रामपंचायतीला सांगून ठेवा.

आणि खरं सांगायचं तर, घर फक्त एकदा आणून एकदा न्यायचं असेल तर चाकं हवीतच कशाला? बिनचाकांची पोर्टा केबिन ट्रकवर येते, हायड्रा क्रेनने उतरवतात, नोंदणी नाही, टायर नाहीत. त्याच पैशांत भिंती जाड मिळतात. आम्ही चाकांची घेतली, कारण बांधकामाच्या वेळी तिला अंगणातल्या अंगणात दोनदा सरकवायची होती. रस्त्याच्या कंत्राटदाराकडची जुनी साइट केबिन मिळाली. २० फुटी, दोन ॲक्सल, पफ पॅनल, आतून अगदी साधी. दादाला अजिबात आवडली नव्हती.

ती येतानाही गंमत झाली. ट्रॅक्टरवाल्याने मॅपमध्ये ‘भिवपुरी’ टाकलं आणि केबिन घेऊन थेट भिवपुरी रोड स्टेशनला पोचला. स्टेशन कर्जतच्या अलीकडे, मुंबईच्या बाजूला. पॉवरहाऊसकडचं भिवपुरी कर्जतच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. जड वाहन मागवताना गावाचं नाव पाठवू नका, लोकेशन पिन पाठवा आणि शेवटच्या वळणाचा फोटोही. २० फुटी केबिन उलटी फिरवायला त्या माणसाला पाऊण तास लागला आणि त्याने तो पाऊण तास बिलात लावला.

दहा महिने राहिलो. एसीच्या भोकाजवळ एकदा ओल आली, ती पट्टी बदलून थांबली. श्रावणात खिडक्यांच्या काचांना आतून पाणी सुटायचं. ती गळती नव्हती, चौघांच्या श्वासाची आणि भाताच्या वाफेची दमट हवा होती. एक छोटा एक्झॉस्ट पंखा लावल्यावर कमी झालं. आजीचं कपाट आत बसलं नाही, ते शेडखाली ताडपत्रीत राहिलं. नवीन घर झाल्यावर केबिन विकायला काढली, तेव्हा बघायला आलेला माणूस सरळ दारातून आत गेला आणि पलंगावर बसला. मी त्याला चटई आणून दिली आणि आधी खाली बघायला सांगितलं.